डाव्या विंगेतला आवाज

भात झोडून झालं की आमच्याकडचे मळे एकदम मोठे दिसायला लागतात. कालपर्यंत जिथे पिवळं पीक उभं होतं तिथे नुसते खुंट उरतात आणि नजर बांध ओलांडून थेट पलीकडच्या वाडीपर्यंत जाते. रचलेल्या पेंढ्याच्या उडव्यांना सुक्या गवताचा गोडसर वास येतो. पहाटे दव पडतं. आंब्याला मोहोर यायला अजून अवकाश असतो, काजूची कामं सुरू झालेली नसतात, आणि माणसांच्या हाताला थोडी सवड मिळते. हेच आमचे जत्रांचे दिवस. किराणा दुकानाच्या फळीवर कुठल्या गावची जत्रा कधी याचा कागद चिकटतो. रस्त्याच्या कडेला खाज्यांचे ढीग दिसू लागतात आणि आल्यागुळाचा वास स्कूटरबरोबर बराच वेळ पुढे येतो.

मी आता कॉलेजात मराठी शिकवते. यंदा आमच्या मुलांनी स्पर्धेसाठी एक शोकांत प्रेमकथा बसवायला घेतली आहे. परवा तालमीनंतर सायली नावाची मुलगी माझ्याजवळ आली. तिच्या वाट्याला प्रियकर गमावलेल्या मुलीची भूमिका आहे.

"मॅडम, मला रडूच येत नाही. ग्लिसरीन लावलं तर डोळे नुसते झोंबतात. काय करू?"

मी तिला म्हटलं, उद्या बघू. संध्याकाळी घरी येताना मळ्याच्या कडेला गाडी थांबवली. उडवीचा वास आला, लांबून कुठल्या तरी देवळातला माईक कोणी तपासत होतं, "हॅलो, हॅलो, एक दोन तीन," आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तो मोसम माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

आमच्या गावात देवीच्या जत्रेला नाटक होतं. पालखी निघायच्या आधी, दिवेलागण झाली की लगेच, गावातल्या हौशी मंडळींचं नाटक, नंतर दशावतार. दशावतारात बाईचं काम पुरुषच करतात, पण आमच्या सामाजिक नाटकात नायिका बाहेरगावाहून आणली जायची. ती जत्रेच्या दोन दिवस आधी यायची, कोणाच्या तरी घरी राहायची, काम करून जायची. गावातली मुलगी नायिका म्हणून उभी राहील हे कोणाच्या मनातही नव्हतं. सुलूवैनीच्या मनात आलं.

सुलूवैनी म्हणजे विनूभाऊंची बायको. विनूभाऊंचं मालवणच्या बाजारात विहिरीच्या पंपांचं दुकान होतं आणि गावच्या नाटकाचे ते कायमचे नायक होते. वैनी खाडीकाठच्या आरोंद्याची. तिकडच्या एका नाटकात विनूभाऊ काम करायला गेले, तिथे ही विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंगला उभी होती. दोन्ही घरांनी तोंड वाकडं केलं, पण लग्न झालं. तिचं कॉलेज मात्र अर्धवट राहिलं. म्हणून असेल, पण मी पदवीला गेले याचा माझ्या आईबापापेक्षा तिला जास्त आनंद होता. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं.

चैत्रात ती आमच्या घरी आली. आई काजूबिया निवडत होती. वैनीने माझ्याकडे बोट केलं.

"काकी, ह्या चेडवाक नाटकात घेतंय."

आईने हात थांबवला नाही. "नाटकात? आणि लग्नाचा काय?"

"लग्न करूक कोण नको म्हणता? नाटकात तर तिका मारूनच टाकतंय. मेलेल्या चेडवाक कोण नावा ठेवणा नाय."

आई हसली, आणि आई हसली म्हणजे परवानगी मिळाली.

मग उन्हाळाभर दुपारी मी वैनीकडे जायची. ती मला सगळ्या पात्रांचे संवाद वाचून दाखवायची, नायकाचेसुद्धा. माझे मालवणी हेल काढून टाकायला तिने किती कष्ट घेतले. "वाक्य संपताना आवाज वर नको गो नेव. बाजारात बांगडे इकतंस काय?" आज वर्गात मी कविता वाचते तेव्हा मुलं शांत बसतात. त्याचं श्रेय मला दिलं जातं तेव्हा मला त्या दुपारी आठवतात, आणि तिच्या ओसरीवरचा तो थंड लाल कोबा.

नाटक आमच्या नानांनी स्वतः लिहिलं होतं. नाना म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, मंडळाचे दिग्दर्शकही तेच. गोष्ट साधी होती. दोघांचं प्रेम, दोन्ही घरांचा विरोध, तो शहरात जातो, ती वाट बघत आजारी पडते, तो परत येतो आणि ती त्याच्या मांडीवर प्राण सोडते. मग नायकाचं लांबलचक स्वगत. त्यात एक वाक्य होतं: "सगळ्या दिशा तुझ्याच होत्या. हाक मारू तर आता कुठल्या दिशेला मारू?" हे वाचताना नानांचे स्वतःचेच डोळे भरून यायचे.

वैनीला ते पटायचं नाही. "नानानू, बायल मेल्यावर घोव दिशा इचारीत बसता? तो आधी चायची पूड खंय आसा ती इचारतलो."

"सुलू, ही शोकांतिका आहे," नाना तोल न सोडता म्हणायचे. नाटकाविषयी बोलताना ते नेहमी पुस्तकी मराठीत जात.

"चायची पूड गावली नाय तर ती पण शोकांतिकाच," असं म्हणून ती विनूभाऊंकडे बघायची, आणि विनूभाऊ कौलांकडे.

विनूभाऊंची एक गंमत गावात फार थोड्यांना माहीत होती. ते संवाद पाठ करायचेच नाहीत. कधीच केले नव्हते. वैनी डाव्या विंगेत उभी राहून प्रत्येक वाक्याचे पहिले एकदोन शब्द द्यायची, आणि पुढचं ते उचलायचे. इतक्या सहज की प्रेक्षकांना वाटे, हा माणूस बोलण्याआधी विचार करतो. ते नेहमी डावीकडे तोंड करून उभे राहत. लोकांना वाटे, ती त्यांची ऐट. पुढच्या रांगेतल्यांना मात्र सगळं नाटक दोनदा ऐकू यायचं. रडायची जागा आली की वैनी पदर नाकाला लावायची. तो पदर दिसला की विनूभाऊंचा आवाज जड व्हायचा. ती खूण होती. कोणाला सांगितलं तर हसतील, पण आमच्या गावाने इतकी वर्षं ज्या नटाच्या दुःखावर डोळे पुसले, तो नट विंगेतल्या बाईचं ऐकून रडत होता.

आषाढात वैनी भातलावणीला माहेरी गेली. चिखलात काम करून आली आणि ताप भरला. चिखलातून येणारा लेप्टोचा ताप माणूस नेतो, म्हणून त्या दिवसांत आमच्याकडे साध्या तापालाही लोक घाबरतात. आधी इथे दाखवलं, मग गोव्याच्या इस्पितळात नेलं. गाडीत चढताना तिने मला हाक मारून सांगितलं, तिसऱ्या अंकाचं पाठांतर कर. आठवड्याच्या आत ती गेली.

विनूभाऊ रडले नाहीत. बाराव्यानंतर आई आणि मी त्यांच्याकडे गेलो तर ते स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून बघत होते. रवा, पोहे, कुळथाची पिठी. आईने काही न विचारता वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, आत बघितलं, परत बंद केला आणि आम्हाला बसा म्हणायचंही विसरून तसेच उभे राहिले. मला वैनीचं वाक्य आठवलं. त्यांनाही आठवलं असणार. दोघांनीही ते एकमेकांना कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. पंप दुरुस्त करायला ते विहिरीत उतरले, लोकांशी भावावरून हुज्जत घातली. नळावर बायका म्हणू लागल्या, बापयाचा काळीज दगडाचा. मला राग यायचा, पण आत कुठेतरी मलाही वाटायचं, एकदा तरी रडायला हवं होतं या माणसाने.

दिवाळीच्या सुमाराला नानांनी मंडळाची बैठक बोलावली. यंदा दुसरं काहीतरी विनोदी करू, असं सगळ्यांचं मत पडलं. विनूभाऊ नानांच्या नाटकाची वही चाळत होते. शेवटी म्हणाले, "ह्याच करूया. तिना बसवूक घेतलेला आसा."

आता अडचण आली. आमच्याकडे घरात मृत्यू झाला की वर्षभर त्या घरात सणवार होत नाहीत. नवं वस्त्र नाही, गोडधोड नाही. मग तोंडाला रंग लावून देवीसमोर प्रेमाचं नाटक कसं करायचं? बायकोचं वर्ष सरलं नाही आणि हा रंगवून उभा राहणार, हे बोलणं गावभर झालं. विनूभाऊंनी कोणाशी वाद घातला नाही. "देवीक इचारूया," एवढंच म्हणाले.

गावातल्या अशा गोष्टी आम्ही देवीला कौल लावून विचारतो. गुरव पाषाणाच्या मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्या सकाळी गाभाऱ्यासमोर वीसपंचवीस माणसं होती. गुरवाने देवीला सगळं सांगितलं, की तुझं हे लेकरू असं असं म्हणतं, त्याला काय ते सांग. पाकळ्या ओल्या दगडावर तशाच राहिल्या. समई तडतडली. कोणीतरी खोकलं. मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "खेळ बघूचो काय नाय, ताच देवी ठरवता आसतली." लोक तोंड दाबून हसले, आणि त्या हसण्यातच उजवी पाकळी सुटली.

देवीने परवानगी दिली होती. पण गावाने ती पुरती मानली नव्हती, हे मला तालमींत कळत होतं. दारात बघायला येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असायचा. हा स्वगत पुरं करील का? मध्येच थांबला, गडबडला, तर म्हणायला मोकळे, की बघा, म्हणूनच नको म्हणत होतो. आणि विनूभाऊंना हे ठाऊक होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा संवाद पाठ केले. दुकानात पंपाचे नट पिळता पिळता पुटपुटायचे. गिऱ्हाईकांना वाटे, हा मनातल्या मनात बायकोशी बोलतो.

प्रॉम्प्टिंगला आता अंतू आला, रिक्षा चालवणारा. आवाज रिक्षेसारखाच. डाव्या विंगेत उभं राहू नको असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण तो पहिल्या दिवशी आपणहून उजवीकडे गेला. डावी विंग रिकामी राहिली. विनूभाऊ सवयीने तिकडेच तोंड करायचे, आणि अंतू त्यांच्या पाठीला वाक्यं द्यायचा.

"विनूभाऊ, वाईच हयसर बघा, माका दिसणा नाय तुमचा तोंड."

"माझ्या तोंडात बघून वाचतंस काय रे? पुस्तकात बघ."

त्या दिवसांत मी रात्री अंथरुणावर पडून विचार करायची, की रडण्याची तालीम करता येते का? नाना म्हणायचे, दुःख प्रेक्षकाला दिसलं पाहिजे, शेवटच्या रांगेतल्यालासुद्धा. छातीवर हात, मान खाली, मग हळूहळू वर. विनूभाऊ सांगितलेलं सगळं बरोब्बर करायचे. हात छातीवर जायचा, मान खाली जायची. मी त्यांच्या मांडीवर मरून पडलेली असायची आणि मला वरून येणारा आवाज अगदी कोरडा वाटायचा. ज्या माणसाचं खरोखर कोणी गेलं आहे त्याला खोटं दुःख दाखवणं इतकं अवघड का जावं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आज वाटतं, दाखवण्यासाठी हातात धरता येईल असं काहीतरी लागतं, आणि त्यांना ते अजून हाती लागलंच नव्हतं. बायको मेली हे त्यांनी ऐकलं होतं, अग्नी दिला होता, पिंड ठेवला होता. पण आपल्या रोजच्या सवयींना ते सांगायचं राहून गेलं होतं.

जत्रेच्या संध्याकाळी मांडव भरला. बायकांच्या बाजूला पुढे आई बसली होती. पहिले दोन अंक नीट गेले. मी एके ठिकाणी आवाज वर नेला तेव्हा मलाच ते जाणवलं. तिसऱ्या अंकात मी मेले.

मेलेल्या माणसाचं काम सोपं असतं असं लोकांना वाटतं. डोळे मिटले की दिव्यांचा उजेड पापण्यांतून लाल दिसतो. पावडरीचा वास नाकात भरतो. घोट्यावर डास चावत असतो आणि पाय हलवता येत नाही. डोक्यावर टांगलेल्या माईकची बारीक गुणगुण ऐकू येते. माझं तोंड डाव्या विंगेकडे होतं. विनूभाऊंचा हात माझ्या कपाळावर होता, आणि स्वगत पुढे चाललं होतं. पाठांतर पक्कं होतं. एक शब्द इकडेतिकडे नाही.

"सगळ्या दिशा तुझ्याच होत्या," ते म्हणाले, आणि थांबले.

उजवीकडून अंतूने दबक्या आवाजात पुढचं दिलं. ते बोलले नाहीत. अंतूने पुन्हा दिलं, या वेळी मोठ्याने. पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग तेही थांबलं. मांडवात अशी शांतता झाली, की बाहेर खाजेवाल्याच्या कढईतला झारा वाजला तो ऐकू आला. मला वाटलं, झालं. आता उद्या नळावर हेच. मी पापण्या किंचित उघडल्या. ते डाव्या विंगेकडे बघत होते. तिथे कोणी नव्हतं. पडद्याची कड वाऱ्याने आत येत होती, बाहेर जात होती.

त्यांच्या मांडीला कंप नव्हता. घाबरलेल्या माणसाची मांडी थरथरते, हे मला माहीत होतं. हा माणूस घाबरला नव्हता. तो वाट बघत होता.

ते वाक्य मी उन्हाळ्यात वैनीच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. मी ओठ न हलवता, नुसत्या श्वासात म्हटलं, "हाक मारू तर."

कपाळावरचा हात एकदम उचलला गेला. मग परत टेकला, या वेळी सगळ्या वजनासकट. आणि ते म्हणाले, "हाक मारू तर खंय मारू?"

नानांचं वाक्य तसं नव्हतं. तोवर सगळं नाटक पुस्तकी मराठीत चाललं होतं आणि हे एकच वाक्य घरातलं आलं. पुढे अजून पानभर स्वगत होतं. ते त्यांनी म्हटलं नाही. कोणाला पुढचं हवंही नव्हतं. नानांनी पडदा सोडायला लावला.

गावात पुढे त्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. काही म्हणाले, पाठांतर चुकलं. काही म्हणाले, असं काम उभ्या जन्मात बघितलं नाही. नळावरच्या बायका मात्र गप्प झाल्या. आईने मला विचारलं, "तो मध्ये थांबलो तेव्हा तुका काय दिसला?" मी म्हटलं, मेलेल्याला काय दिसणार. तिने पुन्हा विचारलं नाही.

सायलीला मी काल सांगितलं, रडू येत नसेल तर रडू नकोस. ज्याच्याशी रोज काहीतरी करत होतीस तेच करायला जा, आणि तो नाही हे तुला तिथेच कळू दे. तिने मान हलवली. कळलं की नाही, देव जाणे. मलाही हे कोणी शिकवलं नाही. त्या संध्याकाळी देवळाच्या बाजूच्या खोलीत मी जे पाहिलं, त्यावरून मला एवढंच समजलं आहे.

पडदा पडल्यावर मी त्या खोलीत गेले. विनूभाऊ बाकावर बसून खोबरेल तेलाने चेहऱ्यावरचा रंग पुसत होते. मला वाटलं, माझ्यावर रागावतील.

"वाक्य म्हायत होता माका," ते आरशात बघत म्हणाले.

"मगे थांबलात कित्याक?"

"ती दितली म्हणान." त्यांनी कापूस उलटा केला. "रोज तालमीत अंतू बडबडी, तेच्यात माका कळाक नाय. आज सगळा गप झाला. मी म्हटलंय, आता दितली." ते कपाळावरचा रंग पुसत राहिले. "नाय इली गो."

मीच काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "मी दिलंय तां चुकला काय?"

"मेलेल्या माणसान बोलाचा नसता नाटकात," ते म्हणाले. "नाना रागावतीत."

आणि आम्ही दोघेही हसलो. ते जास्त हसले. हसता हसता त्यांनी कापूस डोळ्यांवर दाबला आणि तो तिथून काढलाच नाही. खांदे हलत राहिले. आधी मला वाटलं अजून हसताहेत. मग आवाज आला. असा आवाज मी नाटकात कधी ऐकला नव्हता. त्यात एकही सुंदर गोष्ट नव्हती.

बाहेर लोक जमले होते, कोणी हार घेऊन, कोणी नुसतेच बघायला. दरवाजा ढकलला गेला. नानांनी आत एकदा बघितलं, बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले.

"जरा थांबा," त्यांचा आवाज ऐकू आला. या वेळी तेही मालवणीतच बोलत होते. "वाईच थांबा रे. रंग पुसतत."